कबूल, मंजूर, मान्य

पेणमध्ये गणपती कारखान्यात तयार होतात. पाटीवर 'कलाकेंद्र' किंवा 'कलामंदिर' असे लिहिलेले असते, पण बोलताना पेणचा माणूस 'गणपतीचा कारखाना' असेच म्हणतो आणि तिथे काम करणाऱ्याला कारागीर म्हणतो. कारखाना, कारागीर आणि तयार हे तिन्ही शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले. मूर्ती घेऊन जाणाऱ्या भाविकाला त्याची कधी अडचण झालेली नाही.

याच कारखान्यातली दोन क्रियापदे पाहा. मातीची किंवा प्लास्टरची मूर्ती 'घडवली' जाते. पण 'गणपती तयार झाला' असे मात्र रंग लागून, डोळ्यांची आखणी होऊन, आता मूर्ती घरी नेता येईल अशा वेळीच म्हणतात. घडवणे हे हाताचे काम आहे, ते दिवसेंदिवस चालते. तयार होणे म्हणजे ते काम पुरे होणे. शब्दकोशात दोन्ही जवळजवळ ठेवता येतील. कारखान्यात त्यांची अदलाबदल करता येत नाही.

आज मला अशाच क्रियापदांच्या जोड्यांबद्दल लिहायचे आहे. एक क्रियापद अरबी-फारसीतून आलेले, दुसरे संस्कृत-प्राकृतातून. वरवर अर्थ एकच. मग भाषेने दोन्ही का ठेवली? 'मराठीतले परके शब्द काढून टाकले तर काय बिघडले?' असे विचारणाऱ्यांना आणि 'मराठी त्यांची, उर्दू आपली' असे म्हणणाऱ्या आपल्यातल्या लोकांनाही याच प्रश्नात उत्तर सापडेल असे मला वाटते.

क्रियापदे कशी आली

वस्तूचे नाव एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहज जाते. वस्तू बाजारात येते, नाव तिच्याबरोबर येते. क्रियापदाचे तसे नसते. त्याला काळ असतो, पुरुष असतो, लिंग-वचन असते. परक्या क्रियापदाला हे सगळे नव्याने शिकवावे लागते. मराठीने त्यावर सोपी युक्ती काढली. बाहेरून नाम किंवा विशेषण घ्यायचे आणि त्यापुढे आपले 'करणे', 'होणे', 'देणे', 'घेणे' जोडायचे. कबूल करणे, जप्त करणे, वसूल करणे, दाखल होणे, हजर राहणे, रुजू होणे. शब्द अरबी, पण वाक्य चालवणारा हात मराठीचा.

थोडीच क्रियापदे याहून पुढे गेली आणि त्यांनी मराठी प्रत्यय थेट अंगावर घेतले. बदलणे, खर्चणे, फर्मावणे, अजमावणे, गुदरणे. 'वाईट प्रसंग गुदरला' म्हणताना त्यामागे फारसीतले 'गुजर' आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. 'बदलणे' तर इतके घरचे झाले आहे की ते काढले तर शिक्षकांच्या बदल्या कोणत्या शब्दात करायच्या हा प्रश्न पडेल. त्याचा जुना शेजारी 'पालटणे' अजून आहे, पण त्याचे काम वेगळे आहे. 'बदल' या अरबी शब्दात एकाच्या जागी दुसरे ठेवणे आहे, म्हणून बदली, बदल्यात, बदला. 'पालटणे' म्हणजे तीच गोष्ट कूस वळवते. 'दिवस बदलले' म्हणजे जमाना निराळा झाला. 'त्याचे दिवस पालटले' म्हणजे त्याचे नशीब उघडले.

हे घडायला शतके लागली. १३४७ मध्ये बहामनी राज्य उभे राहिले, पुढे निजामशाही आणि आदिलशाही आली. दरबाराची भाषा फारसी होती. वसुलीचा हिशेब, जमिनीचा निवाडा, गावाला पाठवायची ताकीद ही कामे मात्र गावोगावचे कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस करत. ते मराठी लिहीत आणि त्या मराठीत दरबारी शब्द ओतत. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस या आडनावांतला 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. फारसी शब्द मराठीत आणणारे बहुतेक हात हिंदू कारकुनांचे होते.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ लिहिला, तो मराठी ओवीत आणि संतपरंपरेच्या शब्दांत. त्याच काळात ब्राह्मण आणि प्रभू कारकून फारसीने भरलेली पत्रे लिहीत होते. त्याआधी, सोळाव्या शतकात, पैठणच्या एकनाथांनी 'अर्जदस्त' नावाचे भारूड रचले. त्यात जिवाचे गाऱ्हाणे देवापुढे जाते ते सरकारी अर्जाच्या भाषेत. नाथांना ती भाषा परकी वाटली असती तर त्यांनी देवाशी बोलायला ती वापरली नसती. कोणता शब्द कोणाच्या तोंडी यावा हे धर्मावर ठरत नव्हते, कामावर ठरत होते.

तीन प्रकारचा होकार

आता शीर्षकातल्या तीन शब्दांकडे येतो.

'कबूल' अरबी आहे. त्याचे मूळ स्वीकारण्यात, समोरून आलेली गोष्ट आपल्याकडे घेण्यात आहे. निकाहात ईजाब आणि कबूल असे दोन भाग असतात: एका बाजूने प्रस्ताव, दुसऱ्या बाजूने स्वीकार. 'कबूल' म्हणणारा त्यानंतरच्या जबाबदारीसह ती गोष्ट आपल्या अंगावर घेतो. म्हणून मराठीत गुन्हा कबूल करतात, चूक कबूल करतात, आणि दिलेला शब्द पाळला नाही तर 'तू कबूल केले होतेस' असे सुनावतात.

'मंजूर' हाही अरबी. तो 'नजर' याच धातूतला. मंजूर म्हणजे पाहिलेले, नजरेखालून गेलेले. अर्ज वरिष्ठांपुढे गेला, त्यांनी तो पाहिला, त्यावर मोहोर झाली, म्हणजे तो मंजूर. म्हणून मंजुरी नेहमी वरून खाली येते. रजा मंजूर होते, कर्ज मंजूर होते, सातबाऱ्यावरचा फेरफार मंजूर होतो. रजा कबूल होत नाही.

'मान्य' संस्कृत. त्यात मन आहे आणि मानही आहे. मान्य करणारा मनाने पटवून घेतो किंवा एखाद्या गोष्टीला मान देतो. मत मान्य असते, युक्तिवाद मान्य असतो. शिक्षकांना हा फरक कोशावाचून कळतो: शाळेला 'मान्यता' मिळते आणि पदांना 'मंजुरी' मिळते. मान्यता म्हणजे दर्जा. मंजुरी म्हणजे पगार.

हा बारकावा फक्त व्याकरणाचा नाही. आपल्या जिल्ह्यात, पूर्वीच्या कुलाब्यात, या फरकावर लोकांची पोटे अवलंबून होती. खोतीच्या काळात जमीन कसायची तर कुळाकडून 'कबुलायत' लिहून घेतली जाई. कुळाला त्यातल्या अटी पटल्या आहेत का, हे कोणी विचारत नसे. अंगठा उठला की कबूल. मान्य नसलेली गोष्ट माणसाला कबूल करावी लागते, हा अनुभव त्या एका कागदात होता. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप केला आणि जमिनी न कसता तो १९३९ पर्यंत चालवला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ज्या गोष्टी बापजाद्यांनी कबूल केल्या होत्या त्या आम्हाला मान्य नाहीत, असे ते शेतकरी सांगत होते. या वाक्यातली दोन क्रियापदे एकच असती तर हे वाक्यच बोलता आले नसते.

पुढे २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचे मत सरकारने अजमावले. 'मत अजमावणे' हा प्रयोग बघा. मत संस्कृत, अजमावणे फारसी. ते तपासणेही नव्हे आणि पारखणेही नव्हे. तपासायला समोर वस्तू लागते, पारखायला आपण जाणकार लागतो. समोरच्याच्या मनात किती बळ आहे ते पाहायचे तेव्हा अजमावतात. त्या दिवशी शेतकऱ्यांना नेमके तेच विचारले गेले.

महाराजांचा कोश आणि त्यानंतर

मराठीत फारसी फार झाली असे वाटणारे पहिले मोठे राज्यकर्ते छत्रपती शिवाजी महाराज. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. नव्या राज्याचा कारभार आपल्या शब्दांत चालावा म्हणून महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे काम सोपवले आणि 'राजव्यवहारकोश' तयार झाला. दहा वर्गांत सुमारे १३८० शब्द, त्यांना संस्कृत पर्याय. त्याला आजच्या भांडणाचा चष्मा लावून पाहू नये. स्वतंत्र राज्याला स्वतःची दफ्तरी भाषा हवी असते, ही राज्यकारभाराची गरज होती. फारसी पत्रव्यवहार त्यानंतरही चालूच राहिला.

कोशाचे पुढे काय झाले ते मनोरंजक आहे. सुरनीस 'सचिव' झाला, मुजुमदार 'अमात्य' झाला, वाकनीस 'मंत्री', डबीर 'सुमंत', सरनोबत 'सेनापती'. आज मुंबईत मंत्री आणि सचिव बसतात ते याच परंपरेतले शब्द घेऊन. मुजुमदार आणि डबीर आडनावे होऊन राहिले. पेशव्याचे मात्र उलट झाले. त्याला 'मुख्य प्रधान' म्हणायचे ठरले होते. पण १७१३ मध्ये शाहू महाराजांनी ते पद आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना दिले आणि पुढचे शतक सगळ्या हिंदुस्थानाने त्यांना पेशवे म्हणूनच ओळखले. लोकांनी काही नवे शब्द घेतले, काही जुने ठेवले. काय ठेवायचे हे हुकुमाने ठरले नाही.

शिवाय कोशात भर होता तो नावांवर: पदे, शस्त्रे, किल्ला, लेखन, बाजार. नाव बदलणे सोपे असते. पत्रांमधली ताकीद करणे, रवाना करणे, हुजूर पाठवणे ही क्रिया पेशवाई संपेपर्यंत मराठी कागदांत चालू राहिली. मराठी पत्रांतले फारसी शब्द शिवकाळानंतर कसे कमी होत गेले हे इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या कागदांची तुलना करून दाखवले. ते खरेच आहे. पण कमी होऊन जे उरले ते अडगळ म्हणून उरले नाही, उपयोगाचे होते म्हणून उरले.

विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. १९२४ ते १९३७ ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि त्यांनी रुळवलेले दिनांक, क्रमांक यांसारखे शब्द आज आपण सगळेच बिनदिक्कत वापरतो. वापरायलाही हवेत, ते चांगले शब्द आहेत. या चळवळीच्या बाजूने उभे राहिलेल्यांत कवी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, हेही होते. गंमत अशी की १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश सिद्ध करणारे तेच होते आणि ते फारसीचेच प्राध्यापक होते. मराठीत फारसीची मुळे किती खोल गेली आहेत हे त्यांच्याइतके क्वचितच कोणाला माहीत असेल.

'दिनांक' आला, पण 'तारीख' गेली का? पत्राच्या डोक्यावर दिनांक असतो. कोर्टात मात्र तारीख पडते. दिनांक कधी पडत नाही, आणि कोणी 'दिनांकावर दिनांक' खात बसत नाही. नव्या शब्दाने जुन्याला घालवले नाही, त्याच्याबरोबर काम वाटून घेतले.

'हजर' आणि 'उपस्थित' यांचेही असेच. वर्गात नाव पुकारले की मूल 'हजर' म्हणते. समारंभात मान्यवर उपस्थित असतात. पण पुढे 'करणे' लावून पाहा. पोलीस आरोपीला न्यायालयात हजर करतात. सभासद सभागृहात प्रश्न उपस्थित करतात. यांची अदलाबदल केली तर आरोपी म्हणजे एखादी शंका होईल आणि प्रश्नाला बेड्या घालाव्या लागतील. 'हजेरी घेणे' याचा अर्थ खरडपट्टी काढणे असाही होतो. उपस्थिती कोणी तशी घेत नाही.

राज्य मराठीत चालवायचे ठरल्यावर साठच्या दशकात सरकारने पदनाम कोश काढला. त्यातल्या जड शब्दांमुळे आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले ते अजून लोकांच्या तोंडी आहे. तरी त्यातून काही शब्द पक्के रुजलेच. उदाहरणार्थ 'जिल्हाधिकारी'. यातला अधिकारी संस्कृत, जिल्हा अरबी, आणि आज या शब्दाइतका मराठी शब्द दुसरा नाही.

स्पेनने काय केले

भाषा गाळून घेण्याचा प्रयोग फक्त आपल्याकडे झाला असे नाही. याचे मोठे आणि कठोर उदाहरण स्पेनचे आहे. ७११ मध्ये मुसलमान तिथे पोहोचले आणि १४९२ मध्ये ग्रानाडा पडले. त्याच १४९२ मध्ये नेब्रिहाचे स्पॅनिश व्याकरण प्रसिद्ध झाले. १५६७ मध्ये राजा दुसऱ्या फेलिपेने ग्रानाडाच्या धर्मांतरित मुसलमानांना हुकूम दिला: तीन वर्षांत स्पॅनिश शिका, त्यानंतर घरातही अरबी बोलायची नाही. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख लोकांना देशाबाहेर काढले गेले. आपल्याकडच्या भाषाशुद्धीशी याची बरोबरी नाही. आपल्याकडे शब्द बदलले, तिथे माणसे हाकलली.

आणि शब्द? ते राहिले. माणसे हद्दपार होत होती त्याच काळात, १६११ मध्ये, कोवारुबियासचा स्पॅनिश कोश बाहेर पडला आणि त्यात कित्येक शब्दांपुढे 'हा अरबी' अशी नोंद होती. आज स्पॅनिश माणूस 'असे व्हावे' या अर्थी 'ओखाला' म्हणतो, त्यात अल्लाहचे नाव आहे. आपण ज्याला फलाणा म्हणतो त्याला तो 'फुलानो' म्हणतो. दोन्ही अरबी 'फुलान'ची लेकरे.

जोड्यांचे कामही तिथे आपल्यासारखेच वाटले गेले. तेलाला त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. अरबीतून आलेला 'असेइते' स्वयंपाकघरात गेला, लॅटिनमधला 'ओलेओ' चर्चमध्ये आणि चित्रकाराच्या रंगात. क्रियापदांत 'पुलिर' आणि 'असिकालार' पाहा. दोन्हींचा अर्थ चकाकी आणणे. 'पुलिर' लॅटिनमधला. 'असिकालार' अरबी 'सिकाल'वरून, म्हणजे तलवारीला झिलई देणे. पुढे तलवारी गेल्या आणि त्या क्रियापदाचा अर्थ झाला माणसाने नटूनथटून तयार होणे. याच अरबी धातूपासून आपल्याकडे 'शिकल करणे' आले आणि शस्त्रांना शिकल करणारा तो शिकलगार. ज्या धातूने स्पेनमध्ये आरशासमोर नटणाऱ्या माणसाला क्रियापद दिले, त्यानेच महाराष्ट्रात एका कष्टकरी मुसलमान जमातीला नाव दिले.

माफ आणि क्षमा

शेवटची जोडी मला सगळ्यांत मोलाची वाटते. वर्गात मुले हमखास विचारतात, 'सर, माफ करणे आणि क्षमा करणे एकच ना?' मी त्यांना विचारतो, शेतकऱ्याला काय मिळते? कर्जमाफी. गरीब विद्यार्थ्याला? फीमाफी. दुष्काळात? सारा माफ. कर्जक्षमा किंवा फीक्षमा कोणी ऐकली आहे का?

'माफ'मध्ये देण्याघेण्याचा हिशेब आहे. तुझ्याकडून काही येणे होते, ते मी सोडले, तू मोकळा. 'क्षमा'मध्ये सहन करणे आहे. म्हणून मराठीत धरतीलाही क्षमा म्हणतात. ती सगळ्यांचा भार सोसते. माफ करणारा वहीतला आकडा खोडतो. क्षमा करणारा घाव सोसून गप्प राहतो. एकाच माणसाबाबत दोन्ही कराव्या लागतात, आणि एक जमले म्हणून दुसरे जमतेच असे नाही. भावाने बुडवलेले पैसे माफ करणारे पुष्कळ भेटतात. त्याला क्षमा केलेली असतेच असे नाही.

स्पॅनिशमध्येही येथे दोन क्रियापदे आहेत. 'दिस्कुल्पार' म्हणजे दोष काढून टाकणे. धक्का लागला, उशीर झाला अशा लहान गोष्टींना ते चालते. 'पेर्दोनार' म्हणजे पाप किंवा कर्ज सोडणे, आणि त्यात 'देणे' दडलेले आहे. लॅटिनमधले ते देणे आणि आपले 'दान' एकाच कुळातले. फारसीत 'बख्शना'चे मूळ तसेच, देणे आणि माफ करणे दोन्ही एकात. उर्दूत खुदा गुनाह बख्शतो. मराठीने त्यातले देणे तेवढे घेतले आणि बक्षीस, बक्षीसपत्र असे शब्द केले.

कुरआनात सूरह तगाबुनच्या चौदाव्या आयतीत घरच्या माणसांशी कसे वागावे हे सांगताना एकापाठोपाठ तीन क्रियापदे येतात. घाईत अनुवाद करणारा तिन्हींना 'माफ करा' म्हणून मोकळा होतो. पण त्यांचे धातू वेगळे आहेत. पहिले 'अफ्व', पुसून टाकणे. आपला 'माफ' याच धातूतला. दुसरे 'सफ्ह', तोंड वळवणे, पान उलटणे. उर्दूत पानाला 'सफहा' म्हणतात तो याच मुळाचा. तिसरे 'गफ्र', झाकणे. डोके झाकणाऱ्या शिरस्त्राणाला अरबीत 'मिग्फर' म्हणतात. मराठीत याला आपल्याकडे तीन चांगली क्रियापदे आहेत: माफ करणे, सोडून देणे, पांघरूण घालणे. आधी हिशेब पुसा, मग तो विषय पुन्हा काढू नका, मग दुसऱ्यांपुढे त्या माणसाची लाज झाका. या तीन पायऱ्या आहेत आणि घरोघरी माणसे पहिलीवरच थांबतात. तीन शब्दांचा एक केला तर उरलेल्या दोन पायऱ्या दिसतही नाहीत.

हे काम किती जपून करावे लागते हे पेण तालुक्यातल्याच एका माणसाने दाखवले आहे. विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोद्याला जन्मले. कुरआन मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले आणि १९६२ मध्ये त्यांचे 'कुराण-सार' प्रसिद्ध झाले. दुसऱ्याचा ग्रंथ दुसऱ्याच्या शब्दांत समजून घ्यायचा, हा त्यांचा रस्ता होता.

मग आपले काय?

आपल्या समाजात उर्दू माध्यमातून शिकणारी मुले मराठीला 'स्टेट लँग्वेज'चा पेपर समजतात. त्यांना कोणी सांगत नाही की कबूल, मंजूर, माफ, हजर, तारीख, जप्त, वसूल हे मराठीतले रोजचे शब्द त्यांना आधीच येतात, आणि त्यांची मुळे इतर कोणापेक्षा त्यांनाच चटकन उलगडतील. त्यांना शिकायचे आहे ते शेजारचे दुसरे क्रियापद आणि दोघांच्या मधली रेघ. ती रेघ कळली की मराठी आली. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांना मराठीवरचा फारसीचा प्रभाव हा पुस्तकाएवढा विषय वाटला होता. मराठी बखरींमधल्या फारसीचा अभ्यास करणारे यू. म. पठाण १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ही वाट आपल्यासाठी नवी नाही.

एप्रिल २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावरील उर्दूबद्दलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भाषा म्हणजे धर्म नव्हे हे स्पष्ट केले आणि उर्दू फलक कायम ठेवला. न्यायालयांच्या रोजच्या कामात उर्दूचे शब्द किती आहेत याकडेही त्या निकालाने लक्ष वेधले. हा खटला जिने दाखल केला आणि ज्याने लढवला, त्या दोघांनाही वकालतनाम्यावर सही करावीच लागली असणार.

म्हणून 'हा शब्द आपला नाही' असे कोणी म्हणाले, मग तो कोणत्याही बाजूचा असो, तर वाद घालत बसू नका. त्याला तीन वाक्ये म्हणायला सांगा. पोलिसांनी आरोपीला न्यायालयात उपस्थित केले. सरकारने शेतकऱ्यांचे कर्ज क्षमा केले. मुख्याध्यापकांनी माझी रजा कबूल केली. म्हणताना तो अडखळेल. तो जिथे अडखळेल तिथे मराठी त्याला स्वतःच सांगेल की हे शब्द तिने कशासाठी ठेवले आहेत.